फोन गेला तरी फोटो राहावा : घरासाठी आणि गटासाठी फोटोचं ॲप कसं निवडायचं



आपल्या गटाचं कामकाज गेल्या काही वर्षांत किती बदललं बघा. पूर्वी बैठक झाली की इतिवृत्त लिहायचं, सह्या-अंगठे घ्यायचे, पासबुकं भरायची, की काम संपलं. आता बैठकीचा फोटो लागतो. कर्जातून शेळी घेतली की शेळीचा फोटो लागतो. घरकुल मंजूर झालं की पायापासून छतापर्यंत प्रत्येक टप्प्याला फोटो लागतो. गायी-म्हशीचा विमा काढायचा तर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा, त्यावरचे १२ आकडे नीट दिसतील असा फोटो लागतो. पेरा झाला की ई-पीक पाहणीला फोटो लागतो. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ही पद्धत राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, तेव्हापासून वावरात जाऊन फोटो काढणं हे शेतीचंच एक काम झालं आहे.

म्हणजे फोटो आता नुसती हौस राहिली नाही, तो पुरावा झाला आहे. पण हा पुरावा आपण ठेवतो कुठं? बहुतेक वेळा एकाच फोनमध्ये. तो फोन कधी सचिव ताईचा असतो, कधी तिच्या मुलाचा. फोन एसटीत राहिला, हौदात पडला, लेकराच्या हातून फुटला, की वर्षभराचे फोटो गेले.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा झाला हे आपल्या भागाला सांगायला नको. जिथं घरात पाणी शिरलं तिथं धान्य भिजलं, तशी कागदपत्रंही भिजली. अशा वेळी रजिस्टरच्या पानांचे फोटो दुसरीकडे कुठं सुरक्षित असतील, तर गटाला नव्याने उभं राहता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींचाही विचार करा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, त्यातली फिटलेली रक्कम, किती टन तोडला त्याचा हिशोब, हे सगळं एखाद्या चिठ्ठीवर किंवा वहीच्या पानावर असतं. ती चिठ्ठी कोपीत भिजली आणि तिचा फोटो असलेला फोनही हरवला, तर उरतो तोंडी हिशोब. तोंडी हिशोबात शेवटी कुणाचं खरं धरलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून या वेळचा अभ्यास फोटो सांभाळण्याचा. कोणतं ॲप घ्यायचं, कसं वापरायचं, आणि गटाचे फोटो घरच्या फोटोंपासून वेगळे का ठेवायचे, हे आपण टप्प्याटप्प्याने बघू.

सिंक आणि नक्कल यातला फरक

ॲपवाले दोन शब्द वापरतात : सिंक आणि बॅकअप. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि तिथंच नुकसान होतं.

बॅकअप म्हणजे नक्कल. सात-बाराची झेरॉक्स काढून माहेरी ठेवली, तर घरचा कागद फाटला तरी माहेरचा शाबूत राहतो. एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नसतं.

सिंक म्हणजे आरसा. फोनमध्ये फोटो काढला की तो इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात आपोआप दिसतो, दुसऱ्या फोनवर तेच खातं उघडलं तर तिथंही दिसतो. हे सोयीचं आहे. पण आरशाचा नियम असा, की इकडं कुंकू पुसलं तर तिकडंही पुसलेलंच दिसणार. फोन भरला म्हणून आपण त्या ॲपमध्ये जाऊन फोटो काढून टाकले, तर ते खात्यातूनही जातात. ‘वरती आहेत ना’ म्हणून निर्धास्त राहिलेली बाई अशा वेळी फसते.

हा एक फरक लक्षात राहिला तर अर्धा लेख कळला म्हणून समजा.

निवड करताना विचारायचे पाच प्रश्न

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. फोटोचं ॲप निवडतानाही पाच गोष्टी विचारायच्या.

पहिला प्रश्न : खातं कुणाचं आहे? आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानातलं पोरगंच ईमेल खातं उघडून देतं. पासवर्ड त्यालाच माहीत असतो, पुष्कळदा खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही दुसऱ्याचाच असतो. असं खातं आपलं नव्हे. फोन बदलला की ते उघडत नाही, आणि त्यातले फोटो असून नसल्यासारखे होतात. ॲप कितीही चांगलं असलं तरी खात्याचा नंबर आणि पासवर्ड आपल्या हातात नसेल तर पुढचं सगळं फुकट.

दुसरा प्रश्न : फुकट जागा किती, आणि ती कशाकशात वाटली जाते? गूगलच्या खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह या तिन्हींत मिळून. शिवाय २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो. एका कणगीत चार घरांचं धान्य, असा प्रकार आहे.

तिसरा प्रश्न : पुसलं तर काय होतं? फोनमधून पुसल्यावर खात्यातून जातं का, आणि चुकून पुसलेलं किती दिवस परत मिळतं?

चौथा प्रश्न : आपला डेटा किती खातं? ॲप मोबाइल डेटावर फोटो चढवतं का, आणि त्याला मर्यादा घालता येते का? कारखान्यावर रेंज कमी असते, रिचार्ज संपलेला असतो. तिथं हा प्रश्न मोठा होतो.

पाचवा प्रश्न : आपलं सामान परत काढता येतं का? कंपनीची सेवा आज आहे, उद्या बदलू शकते. गूगलचंच पिकासा नावाचं फोटोंचं सॉफ्टवेअर एके काळी पुष्कळ लोक वापरायचे. २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केलं. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोडा दर्जा कमी करून ठेवलेल्या फोटोंना जागेची मर्यादा नव्हती. १ जून २०२१ पासून तेही फोटो १५ जीबीत मोजायला लागले. म्हणून सगळे फोटो एकदम बाहेर काढून पेन ड्राइव्हवर घेता येतील, असंच ॲप निवडायचं.

आपल्यासमोरचे पर्याय

नुसती फोनची गॅलरी आणि मेमरी कार्ड : खर्च नाही, इंटरनेट लागत नाही. पण फोनसोबत कार्डही हरवतं. कार्ड खराब झालं की त्यातलं बहुतेक वेळा निघत नाही. एवढ्यावर भागत नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप : ‘ग्रुपवर टाकलाय ना, मग आहे’ असं आपण म्हणतो. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, बारीक अक्षर पुसट होतं, आणि फोटो कुठं काढला ही आतली नोंदही निघून जाते. काही महिन्यांनी जुना फोटो उघडायला गेलं तर तो पुन्हा उतरतच नाही. ग्रुप कळवायला चांगला, साठवायला नाही. पासबुकाच्या पानासारखा महत्त्वाचा फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ दर्जा टिकतो.

गूगल फोटोज : अँड्रॉइड फोनमध्ये हे बहुतेक आधीपासून असतंच. मराठीत चालतं, आपोआप सिंक करतं, तारखेप्रमाणे लावून ठेवतं. १५ जीबी फुकट. आपल्यासारखीच्या घरच्या फोटोंसाठी हे सोयीचं.

गूगल ड्राइव्ह : हेही त्याच खात्यात, त्याच १५ जीबीत. पण इथं आपण निवडू तेवढेच फोटो जातात, आणि महिन्यावार फोल्डर करता येतात. फोनमधला फोटो पुसला तरी ड्राइव्हवरची नक्कल तशीच राहते.

वनड्राइव्ह : मायक्रोसॉफ्टचं, ५ जीबी फुकट. ज्यांच्या कार्यालयात विंडोजचा संगणक आहे त्यांना ते तिथं आयतं दिसतं. पण जागा कमी.

आयक्लाउड : हे ॲपलच्या फोनवाल्यांसाठी, ५ जीबी फुकट. आपल्यात असे फोन थोडे.

डिजिलॉकर : हे फोटोंचं ॲप नाही, पण इथं सांगायलाच हवं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलं. आधार, वाहन परवाना यासारखे सरकारी दस्तऐवज त्यात थेट त्या त्या खात्याकडून येतात आणि मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरले जातात. आधारचा फोटो गॅलरीत ठेवून दहा जणांना पाठवण्यापेक्षा डिजिलॉकर चांगलं.

घराला सिंक, गटाला नक्कल

आता मुख्य मुद्दा. सचिव ताईने आपल्या फोनमध्ये गटाच्या नावाचं खातं उघडलं आणि गूगल फोटोजचा बॅकअप चालू केला, असं समजा. होईल काय? कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो गटाच्या खात्यात जाईल. बैठकीचा फोटो जाईल, तसा लेकराच्या बारशाचा, डॉक्टरच्या चिठ्ठीचा, घरातल्या बायकांचाही जाईल. पुढं पदाधिकारी बदलले, पासवर्ड दुसरीकडे गेला, की घरचं सगळं उघड्यावर. आणि उलट गटाचे फोटो तिच्या स्वतःच्या खात्यात राहिले, तर ती ताई गावातून गेली की गटाचा पुरावाही तिच्यासोबत गेला.

म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या.

घरचे फोटो : आपलं स्वतःचं खातं, गूगल फोटोज, आपोआप सिंक.

गटाचे फोटो : गटाचं वेगळं खातं, गूगल ड्राइव्ह, आणि फोटो हाताने निवडून चढवायचे. बैठक संपली की सतरंजी गुंडाळायच्या आधी हे काम उरकायचं. उद्यावर टाकलं की राहतंच.

संघाकडे किंवा ग्रामसंघाकडे फक्त कामासाठीचा वेगळा फोन किंवा टॅब असेल, तर त्यावर आपोआप सिंक चालू ठेवायला हरकत नाही. तिथं घरचे फोटो नसतात.

जागा पुरेल का? हिशोब मांडू

गटाच्या महिन्याला ४ बैठका. दर बैठकीला ५ फोटो : उपस्थितीचा, इतिवृत्ताच्या पानाचा, बचत-कर्जाच्या नोंदीचा, बँकेच्या स्लिपचा, आणि कर्जातून घेतलेल्या वस्तूचा. महिन्याला झाले २०, वर्षाला २४०. एक फोटो ४ एमबीचा धरला तर वर्षाला ९६० एमबी, म्हणजे १ जीबीला थोडंसं कमी. १५ जीबीत १५ वर्षं निघतात. गटासाठी पैसे भरून जागा विकत घेण्याची काही गरज नाही.

डेटाचाही हिशोब करा. एका बैठकीचे ५ फोटो म्हणजे २० एमबी. दिवसाला १.५ जीबीच्या रिचार्जमध्ये ते कुठंच लागत नाहीत.

जागा खातात ते व्हिडिओ. एका मिनिटाचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ १०० एमबीच्या आसपास जातो. म्हणजे लग्नातला १० मिनिटांचा व्हिडिओ गटाच्या वर्षभराच्या फोटोंएवढी जागा घेतो. गटाच्या खात्यात व्हिडिओ शक्यतो टाकूच नयेत.

घरच्या खात्याची जागा भरत आली तर आधी मोठे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप बघा. सुप्रभातचे फोटो आणि फॉरवर्ड व्हिडिओ काढले तरी बरीच जागा मोकळी होते. तरीही नाही पुरली तर गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपयांच्या आसपास मिळते. घेण्याआधी आजचा दर बघून घ्या.

घरच्या फोनवर गूगल फोटोज असं लावा

१. ॲप उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चिन्हावर बोट ठेवा. तिथं कोणतं ईमेल खातं दिसतं ते वाचा. ते आपलं नसेल तर पुढं जाऊ नका, आधी आपलं खातं जोडा.

२. सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप चालू करा.

३. दर्जा विचारला तर ‘स्टोरेज सेव्हर’ निवडा. फोटो थोडा लहान होतो, पण आपल्या कामापुरता स्पष्ट राहतो, आणि जागा वाचते.

४. मोबाइल डेटाच्या वापराला मर्यादा घाला. वायफाय असेल तिथंच चढवायचं की रोजच्या डेटातले थोडे एमबी वापरायचे, ते तिथं ठरवता येतं. आपल्याकडे घरोघरी वायफाय नाही, म्हणून डेटा अजिबात बंद ठेवला तर बॅकअप कधीच होणार नाही, हे ध्यानात ठेवा.

५. कोणत्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा ते बघा. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात. व्हॉट्सॲपचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. ते बंदच राहू द्या.

६. ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये ठेवलेल्या फोटोंचा बॅकअप आपोआप होतोच असं नाही. तो वेगळा चालू करावा लागतो. नाहीतर जे सगळ्यात जपून ठेवलं, तेच फोनसोबत जाईल.

गटाचं खातं असं उघडा

आपल्या गटाची पेटी एकीकडे असते आणि किल्ली दुसरीकडे. खात्यालाही तोच नियम.

गटाच्या नावाने नवीन ईमेल खातं उघडा. खात्याला अध्यक्षांचा नंबर जोडा, आणि खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर सचिवांचा द्या. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलले की पासवर्ड आणि नंबर दोन्ही बदला, आणि तसं इतिवृत्तात लिहा. मुख्य म्हणजे हे खातं मोबाइलच्या दुकानात नाही, गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडा.

मग ड्राइव्ह उघडून वर्षाचं फोल्डर करा, त्यात महिन्यांची फोल्डरं. फोटो चढवण्यासाठी अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून ‘अपलोड’ निवडायचं आणि त्या दिवसाचे फोटो घ्यायचे. फोटो चढत नसतील तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर’ हे चालू आहे का बघा आणि ते बंद करा.

खातं झोपू देऊ नका. दोन वर्षं एकदाही न उघडलेलं खातं गूगल बंद करू शकतं, आणि त्यासोबत आतलं सगळं जातं. गटाचं काम काही काळ थंडावलं असलं तरी खातं अधूनमधून उघडत राहा.

फोटो पुढं कामाला येईल असा काढा

कोरा फोटो काही सांगत नाही. शेळीचा फोटो बघून ती कुणाची, कधीची, हे कसं कळणार? म्हणून चौकटीत एक पाटी किंवा कागद ठेवा : गटाचं नाव, सदस्याचं नाव, तारीख. पानाचा फोटो उजेडात, वरून सरळ काढा. हाताची सावली पडू देऊ नका. काढल्यावर बोटांनी मोठा करून आकडे वाचता येतात का ते तिथंच बघा. जागेची नोंद लागणार असेल तर फोनमधलं लोकेशन आधी चालू करा.

विक्रीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आपल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. सीताफळाचा गर असो, ज्वारीच्या कुरडया असोत की शेवया, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला अर्ज करताना चांगला फोटो मागतात. तेव्हा ऐनवेळी शोधाशोध नको.

पुसण्याआधी ही परीक्षा घ्या

फोन भरला की घाईने पुसू नका. आधी कामाला न येणारा एखादा फोटो काढा, भिंतीचा किंवा चपलेचा. तो खात्यात चढू द्या. मग दुसऱ्या फोनवर तेच खातं उघडून तो दिसतो का बघा. दिसला तर पहिल्या फोनमधून पुसा आणि परत दुसरीकडे बघा : राहिला की गेला? पाच मिनिटांत तुम्हाला कळतं, तुमच्या फोनवर आरसा आहे की नक्कल. परीक्षा झाली की दुसऱ्या फोनमधून खातं काढून टाकायला विसरू नका.

गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करायला वेगळी सोय आहे, ‘फ्री अप स्पेस’ नावाची. ती फक्त खात्यात पोहोचलेले फोटोच फोनमधून काढते, आणि खात्यातले तसेच ठेवते. पुसायचं असेल तर तीच वापरा. आणि चुकून काही पुसलंच, तर घाबरू नका : बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो, तिथून परत आणता येतो. ड्राइव्हच्या डब्यात मुदत ३० दिवसांची आहे.

सावध राहा

फोटो साफ करून देतो, पुसलेले फोटो परत आणून देतो, असं सांगणारी अनोळखी ॲपं घेऊ नका. ती सगळ्या गॅलरीची परवानगी मागतात.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून तर दोन हात लांब. काही ॲपवाले बायकांच्या गॅलरीतले फोटो घेऊन, ते बदलून, नातेवाइकांना पाठवायची धमकी देतात. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो आणि नंबरांची यादी बघू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत स्पष्ट सांगितलं आहे. जे ॲप कर्जासाठी गॅलरी मागतं, ते तिथंच काढून टाका. असं कुणी छळलं तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर फोन करा आणि गटात सांगा. चूक धमकी देणाऱ्याची आहे, आपली नाही.

अल्बमची किंवा फोल्डरची लिंक पाठवताना विचार करा. लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. संघाला फोल्डर दाखवायचं असेल तर त्यांच्या ईमेलला फक्त बघण्याची परवानगी द्या. आधार, पासबुक, सह्या असलेले फोटो उघड्या लिंकमध्ये कधीच नकोत. सदस्यांचे फोटो बाहेर द्यायचे तर त्यांना विचारूनच.

फोन दुरुस्तीला टाकताना आधी बॅकअप झाला का ते बघा आणि खात्यातून बाहेर पडा. फोन हरवला तर लगेच दुसऱ्या फोनवरून आपलं खातं उघडून, उपकरणांच्या यादीतून हरवलेला फोन काढून टाका. पोलिसांत तक्रार द्या, सिम बंद करा, आणि केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवरून हँडसेटही बंद करून घ्या.

शेवटी एक गोष्ट. फोटो म्हणजे रजिस्टर नव्हे. मूळ वही, मूळ पासबुक, मूळ पावती जपायचीच. फोटो आहे तो वही भिजेल त्या दिवसासाठी. आणि खात्यातलेही फोटो वर्षातून एकदा, मार्चअखेरच्या हिशोबासोबत, पेन ड्राइव्हवर उतरवून पेटीत ठेवा. कंपनी बदलली, खातं अडलं, तरी गटाची नक्कल गटाकडे राहील.

ठरावाचा नमुना

‘आजच्या बैठकीत असं ठरलं की गटाच्या नावाने स्वतंत्र ईमेल खातं उघडावं. खात्याला अध्यक्षांचा नंबर आणि पर्यायी म्हणून सचिवांचा नंबर जोडावा. पासवर्डचं बंद पाकीट गटाच्या पेटीत राहील. दर बैठकीचे फोटो त्याच दिवशी खात्यात चढवावेत. सदस्यांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय गटाबाहेर देऊ नयेत. पदाधिकारी बदलल्यास आठ दिवसांत पासवर्ड बदलावा. ठराव सर्वानुमते मंजूर.’

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या फोनमधलं ईमेल खातं कुणी उघडलं? पासवर्ड कितीजणींना स्वतः माहीत आहे? हात वर करून मोजा.

२. आज आपल्या सचिव ताईचा फोन हरवला, तर गटाचे कोणते कागद दुसरीकडे आहेत?

३. ऊसतोडीला जाणाऱ्या सदस्यांच्या उचलीच्या चिठ्ठीचा फोटो निघण्याआधीच घेऊन त्यांच्या स्वतःच्या खात्यात चढवून द्यायला गट काय मदत करेल? हे काम कोण घेणार?

४. चपलेच्या फोटोची परीक्षा प्रत्येकीने करून बघा. कुणाच्या फोनवर काय झालं ते सांगा.

ज्यांना फोनमधलं कळतं त्या मुलींनी, सुनांनी एकेका ताईजवळ बसावं. पण बोट ताईचंच चालू द्या. स्वतःच्या हाताने एकदा केलं की मग विसरत नाही.